दोष एकट्या आईचा?

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत मुलांच्या मनोविकारांवर उपचार होतात. क्षुल्लक कारणाने संतापणारे, वर्गात एका जागी न बसणारे, सवंगड्यांशी सतत भांडणारे मूल तपासताना कुठलाही जाणता डॉक्टर त्याच्या जन्मापूर्वीची हकिकतही विचारतो. प्रश्न योग्यच आहे. परंतु तो विचारताच घरातील सर्वांच्या नजरा आईकडे वळतात. हे मला अन्यायाचे वाटते.

गर्भावस्थेत तंबाखू घातक आहे, यात शंका नाही. निकोटिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि घडत असलेल्या मेंदूवर परिणाम करते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे गर्भाला मिळणारा प्राणवायू घटतो. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत चंचलता व आक्रमकता अधिक आढळते, असे पाश्चात्त्य देशांतील अनेक पाहण्यांत दिसले. मात्र एका खेपेस धूम्रपान केले आणि दुसऱ्या खेपेस केले नाही, अशा एकाच आईच्या दोन मुलांची तुलना झाली, तेव्हा हा फरक पुष्कळ कमी झाला. म्हणजे आनुवंशिकता, गरिबी, घरातील ताणतणाव यांचाही त्यात वाटा असला पाहिजे.

शिवाय आपल्याकडे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील प्रौढ स्त्रियांपैकी केवळ २ टक्के धूम्रपान करीत होत्या; पुरुषांत हे प्रमाण १९ टक्के होते. घरातच दुसऱ्याचा धूर सोसणारे प्रौढ ३८.७ टक्के होते. गरोदर स्त्री स्वतः विडी ओढत नसेल. पण शेजारी बसून ओढणाऱ्याचा धूर तिच्या पोटातील बाळाला चुकत नाही.

स्त्रियांच्या हाती असते ती बिनधुराची तंबाखू. त्याच पाहणीत १२.८ टक्के स्त्रिया ती वापरताना आढळल्या. कर्नाटकात कड्डिपुडी, महाराष्ट्रात मिश्री! मिश्री लावणारी बाई ‘मी तंबाखू खाते’ असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, ‘मी दात घासते.’ मळमळ थांबते म्हणून काही जणी गरोदरपणीही मिश्री सोडत नाहीत. मुंबईतील १२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अशा बाळांच्या पुढील स्वभावाविषयी कोणी ठामपणे बोलू लागले, तर मी सावधपणे ऐकेन. वजनाविषयी मात्र वाद उरलेला नाही.

मुलांच्या वर्तनसमस्या व व्यसने यांची मुळे शोधणारा सी-वेडा हा प्रकल्प निम्हान्सच्या पुढाकाराने देशातील सात केंद्रांत हाती घेतला गेला. ६ ते २३ वर्षे वयाच्या मुलांचा व तरुणांचा त्यात समावेश आहे. मेंदू, घर आणि परिसर यांचा एकत्रित विचार करणारी ही पद्धत मला पटते, कारण ती एकट्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करीत नाही.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. घराच्या उंबरठ्याआत हा कायदा येत नाही. पत्नीला तपासणीसाठी घेऊन आलेला पती पुष्कळदा दवाखान्याच्या फाटकाबाहेर विडी ओढत थांबलेला असतो. त्याला आत बोलावून पहिला प्रश्न त्यालाच का विचारू नये?