लाकूड फुगतं, लाकूड आकसतं!

दोस्तांनो, मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका पाहिलाय ना? त्यावर रोज सुरा आपटतो, तरी तो वर्षानुवर्षं टिकतो. कसा? त्याचे तंतू उभे असतात. पातं तंतूंच्या मधे शिरतं आणि बाहेर आलं की तंतू पुन्हा जवळ येतात.

अमेरिकेत हीच युक्ती वापरून मेपलचे चौकोनी तुकडे उभे चिकटवतात आणि जाडजूड फळी बनवतात. हा झाला 'बुचर ब्लॉक'. त्याला पाय लावून स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला, की झालं 'किचन आयलंड', म्हणजे चक्क बेट! भाड्याच्या घरात ओटा वाढवता येत नाही. मग तिथले काका-मावशी असं टेबल विकत आणतात, नाहीतर सुटीत स्वतःच बनवतात.

पण सांभाळून हं! पावसाळ्यात आपलं दार फुगून अडकतं की नाही? तिकडे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसतं; उन्हाळ्यात ते पुन्हा फुगतं. फळी स्क्रूंनी घट्ट जखडली, तर हलायला जागाच न मिळून ती तडकते. म्हणून स्क्रूसाठी लांबट भोकं पाडतात, म्हणजे फळीला थोडं सरकता येतं. वरून खाण्यायोग्य मिनरल ऑइल चोळतात. गोडंतेल मात्र नको, ते खवट होतं.

झाड तोडलं तरी लाकडाची हालचाल थांबत नाही, बरं का! खरं वाटत नाही? मे महिन्यात लाकडी दाराची फट मोजून ठेवा आणि जुलैत पुन्हा मोजा.