परतीची तारीख

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक हवाच, ही सवय मराठी घरांना लागत गेली. पण भाऊबीज उलटली की बरेच अंक अर्धेमुर्धे वाचून माळ्यावर जातात, याची हळहळ वाटते.

वर्षभर वाचणारी माणसं वेळ राखून ठेवतात. कुकरच्या शिट्ट्या होईतो चार पानं, कल्याण ते दादर लोकलमध्ये एक कथा, दिवा मालवण्याआधी एखादं प्रकरण. आणि हो, वाचनालयाची वर्गणी! परतीच्या तारखेचा शिक्का बसला की पुस्तक उशाशी नुसतं पडून राहत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचक घडवत आलं आहे. आपल्या गल्लीतल्या लहान वाचनालयालाही आपली वर्गणी हवी आहे.

न आवडलेलं पुस्तक खुशाल अर्ध्यावर सोडा. आवडलेलं मात्र घरात मोठ्याने वाचून दाखवा, मुलं कान देऊन ऐकतात. या अंकातल्या कथा एका बैठकीत संपतील अशाच निवडल्या आहेत. पहिली आज रात्रीच वाचा.