परत कधी?

परदेशातून आलेल्या माणसाला 'परत कधी?' असं विचारायला कायद्याने बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. २३-२३ किलोंच्या दोन बॅगा ओढत मी न्यू जर्सीहून डोंबिवलीला पोचतो. चपला काढायच्या आत काका विचारतात, "कधी आलास? परत कधी?" मधे श्वाससुद्धा नाही! अहो, 'परत' म्हणजे कुठे? परत तर मी आत्ता आलोय! बरं, पाणी प्यावं तर तेही विकतच्या बाटलीतलं. "तुला आता इथलं सोसायचं नाही." ज्या नळाला ओंजळ लावून लहानाचा मोठा झालो, त्या नळालाही मी पाहुणा!

सरकारचंही तेच. २००५ सालापासून ते आमच्यासारख्यांना कार्ड देतं. नाव झोकदार: 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नागरिक नावापुरता! तुम्ही म्हणाल, पासपोर्ट तूच बदललास ना? कबूल. दुहेरी नागरिकत्व आपला कायदा मानत नाही, हे ठाऊक असून बदलला. पण पासपोर्टाबरोबर जीभ थोडीच बदलते? आईच्या हातची आमटी अजून तशीच लागते की!

'परत कधी?' न विचारणारी घरात एकटी आईच. मला वाटायचं, तिला तरी कळतं. परवा सहज कालनिर्णयावरचा दुधाचा हिशेब पाहिला. माझ्या जायच्या तारखेपर्यंत रोज अर्धा लिटर जादा मांडून ठेवलं होतं. पुढे नेहमीचं अर्धा.

तेव्हा काका, विचारा हवं तर. पण निदान चहा झाल्यावर. आणि आईसमोर नको.