अंथरूण पाहून

बिजलीच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्याला, समोरून रुपयाएवढ्या जखमा झाल्या होत्या. हळद लावली, मलम लावलं. खपली धरायची आणि दोन दिवसांत पुन्हा निघायची. मला वाटलं उंबऱ्याला ठेचकाळत असेल, चाचांना वाटलं माशांमुळे. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी जखमांवर एक नजर टाकली आणि विचारलं, "रात्री ही झोपायला खाली बसते का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिला काय खायला घालायचं यावर आमचे दिवसातून दोन वाद व्हायचे, पण ती झोपते कशी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बिजली २४ वर्षांची घोडी. नाव ठेवलं तेव्हा ते शोभत असणार. सगळी हयात माथेरानात गेली, दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत आणि तिथून पॉइंटांवर, पाठीवर नवखी माणसं घेऊन. मोटारींना बंदी असलेल्या त्या गावात माणसं घोड्यावर नाहीतर हातरिक्षात बसायची, हल्ली ई-रिक्षाही आल्या. तिच्याबरोबर चालणाऱ्या चाचांचे गुडघे आणि तिचे गुडघे साधारण एकाच पावसाळ्यात गेले. मी डोंगराच्या पायथ्याशी, नेरळला राहते आणि सासऱ्यांच्या वेळचा गोठा रिकामा पडून आहे, एवढ्याच लायकीवर ती माझ्याकडे आली. चाचा रोज सकाळी खरारा करायला येतात. पगार घेत नाहीत, चहा दोनदा घेतात.

पुतण्याने जुना मोबाइल खुंटीला बांधून दिला आणि आम्ही तीन रात्रींचं चित्रण पाहिलं. घोडी उभी. तासन्‌तास उभी. पहाटे तीनच्या सुमाराला मान खाली, आणखी खाली, ओठ लोंबलेले, आणि मग पुढचे पाय एकाएकी दुमडून ती सांध्यांवर आदळते, दचकून उठते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चाचांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ बिडी शोधत राहिले.

घोडा उभ्यानेच झोपतो, हे आपण लहानपणी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं. मागच्या पायाची गुडघ्याची वाटी एका खाचेत अडकवून तो स्नायू न शिणवता उभा राहू शकतो आणि हलकी डुलकी काढू शकतो. पण स्वप्नांची, गाढ अशी जी झोप असते तिच्यात अंगातले स्नायू सैल पडतात, त्यामुळे ती उभ्याने घेताच येत नाही. घोड्याची सगळी झोपच दिवसाला तीनेक तासांची. त्यातली ही गाढ झोप अर्ध्या तासापासून तासाभराची. तेवढ्यासाठी त्याला जमिनीवर अंग टाकावंच लागतं. काही दिवस नाही टाकलं तरी निभतं. मग मात्र झोप उभ्या घोड्याला पाडते. हिंदीत घोडे विकून झोपतात म्हणे. ज्यांनी ठेवलेत त्यांची झोप उडते आणि इकडे घोड्याचीही.

ती बसत का नाही, याचं उत्तर डॉक्टरांनी बुटाने जमिनीवर दिलं. सासऱ्यांनी धुवायला सोपं जावं म्हणून गोठ्यात शहाबादी फरशी बसवली होती. ओली झाली की तिच्यावर माणूसही जपून चालतो. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते. घोड्याचं उलट: तो पुढचे दोन्ही पाय समोर ताणून रोवतो आणि मागच्या पायांच्या जोरावर सगळं धूड वर ढकलतो. पुढचे खूर सरकले की खेळ संपला. धडधाकट घोडा दोनदा घसरेल आणि तिसऱ्यांदा उठेल. दुखऱ्या सांध्यांची म्हातारी एकदा घसरली की ठरवते, आता बसायचंच नाही. माझी आई शेवटी शेवटी मऊ गादीवर झोपायला नकार द्यायची, तिच्यातून उठता येत नाही म्हणून. तेव्हा मी तो हट्ट समजले होते.

म्हणजे बिजलीला अंथरूण हवं होतं. आणि इथेच घोडं पेंड खातं. आमच्या बाबतीत पेंढा. कर्जत-नेरळ हा भाताचा मुलूख, पेंढा दाराशी मिळतो. जाडसर अंथरला, गोठा एकदम पागेसारखा दिसू लागला. सकाळपर्यंत बाईंनी अर्धं अंथरूण फस्त केलं होतं. उरलेल्यात चघळून टाकलेले चोथ्याचे गोळे. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि झिजत राहतात, म्हातारपणी वर सरकायला काही उरत नाही. अशा तोंडाने नीट न चावलेला पेंढा गिळला की आतड्यात गच्च बसतो आणि पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे जिवाशी गाठ. शिवाय आमच्या हवेत पेंढ्याला बुरशी यायला वेळ लागत नाही. ती बुरशी आणि धूळ नाकावाटे गेली की घोड्याला दम्यासारखी धाप लागते. पेंढा शेजाऱ्यांच्या म्हशींकडे गेला.

मग भाताचं तूस. गिरणीवाला म्हणाला, पूर्वी न्या म्हणून मागे लागायचो, आता विटभट्टीवाले आणि कोंबड्यांच्या शेडवाले आधीच सांगून ठेवतात. तरीही चार पोती मिळाली. दिसायला सोनेरी, अंगाला हलकं. पण मूत्र शोषत नाही आणि पाय ठेवला की बाजूला पळतं. म्हणजे फरशी उघडी ती उघडीच, वर डोळ्यांत आणि चंदीत तूस. करवतीचा भुसा शोषतो छान, पण इतका बारीक की मलाच शिंका. नदीची वाळू पायाला धरते हे खरं, पण जमिनीवरचा चारा खाताना पोटात जाते आणि साठत राहते. सांगली भागातल्या मैत्रिणीने उसाचं पाचट सुचवलं. तिच्या दारात ठीक आहे. नेरळपर्यंत आणायचं भाडं धरलं तर त्यापेक्षा ऊस आणलेला बरा.

आमच्या संपादकांना न विचारता मी जुनी वर्तमानपत्रंही फाडून पाहिली. हा वेडेपणा नाही. धाप लागणाऱ्या घोड्यांसाठी कागदाच्या पट्ट्या वापरतात, धूळ जवळजवळ नसते. पण भिजला की कागदाचा लगदा होतो आणि तो उचलायला चाचांनी साफ नकार दिला. त्यात या सदराचे काही अंकही होते, त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग अजून कोणी केलेला नाही.

शेवटी आम्ही अंथरुणाचा विचार सोडून जमिनीकडे वळलो, तिथून गाडी रुळावर आली. सगळा गोठा बदलायला पैसे नव्हते. म्हणून आतला अर्धा भागच घेतला. फरशी उखडली, मुरूम टाकून चोपला, नालीकडे थोडा उतार ठेवला. त्यावर दुधाच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या एकाकडून गाईंच्या रबरी मॅट घेतल्या, वापरलेल्या पण शाबूत. खर्च झाला तो इथे, एकदाच. नुसत्या रबरावर मात्र घोडा बसायला नाखूश असतो आणि मूत्र वरच साचतं, म्हणून वर रंध्यातून निघणारे कुरळे काप. खाली रबर असल्यामुळे ढीग घालावा लागत नाही. फार खोल, भुसभुशीत थर तिला नकोच आहे. रुतलेल्या पायाने उठणं तितकंच अवघड. भिंतीकडेला मात्र काप उंच लावतो, म्हणजे लोळताना पाय भिंतीला लागून ती आडवी अडकून पडत नाही.

काप कुठले, यावर डॉक्टर फार काटेकोर. प्लायवुडचा भुगा नको, त्यात डिंक. रंग-पॉलिश उतरवलेलं नको. कुठलं लाकूड ते कळत नसेल तर नकोच. अमेरिकेत काळ्या अक्रोडाच्या कापांवर उभं राहूनच घोड्यांचे खूर आतून सुजतात, काही तासांत. मग एका पॅकिंगच्या खोक्यांच्या कारखान्यात जाऊन नव्या पाइनचे काप ठरवले. पोतं घरी आलं की चाचा त्यात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवतात. पहिल्या खेपेत तीन खिळे निघाले. तेव्हापासून मी त्यांना हसत नाही.

स्वस्त काय पडतं, याचा हिशेब पोत्यावर करायचा नसतो हे मला उशिरा कळलं. घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो, मूत्र १० लिटरपर्यंत जातं. लीद सकाळ-संध्याकाळ उचलली आणि ओला भाग तेवढा काढला, तर बाकीचं अंथरूण टिकतं. कंटाळा केला की महागातलं अंथरूणही आठवड्यात नासतं. मूत्रातून निघणारा अमोनियाचा झोंबरा वास आपल्याला उभ्याने कमी जाणवतो. जमिनीलगत नाक नेऊन पाहावं, कारण झोपलेल्या घोड्याचं नाक तिथेच असतं. मी पाहिलं. त्या दिवसापासून संध्याकाळची पाळी माझी. काढलेले काप मात्र मी उत्साहाने थेट मिरचीच्या वाफ्यात टाकले आणि मिरची पिवळी पडली. कच्चं लाकूड कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं. आता वर्षभर मुरवून मगच.

उरला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे कोरडं म्हणावं असं काही नसतं, म्हणून मे महिन्यातच पोती भरून माळ्यावर, ताडपत्रीखाली. चिपळूणला उतरलेल्या आपल्या पागेला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र सगळ्यांना रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी आठवतं. मी ते परवा पुन्हा वाचलं तर त्यातला तबेलाच दिसला. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवा, आता उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. आणि आगीची धास्ती: कोणी वाऱ्यावर चूल पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, रात्री दिव्याची जळती वात उंदीर पळवून नेईल आणि गवताची गंजी पेटली की घोडी हातची जातील. राज्य उभं करणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करत होता. ते पत्र मी चाचांना वाचून दाखवलं. ते शांतपणे उठले आणि बिडी विहिरीपाशी जाऊन ओढून आले. तिथेच ओढतात तेव्हापासून.

नवं अंथरूण घातल्यावर पाच दिवस काहीच झालं नाही. घोडी त्या अर्ध्या भागात गेली, हुंगलं, खुराने उकरलं, आणि फरशीवर येऊन उभी राहिली. मोबाइलमध्ये पाहायचं मी सोडून दिलं होतं. सहाव्या सकाळी चाचा खरारा करताना थबकले आणि त्यांनी मला हाक मारली. शेपटीच्या केसांत लाकडाचे काप अडकले होते, मानेवरच्या आयाळीत दोन, आणि उजवी कूस काप चिकटून पांढुरकी झाली होती.

आता कॅलेंडरवर ती बसलेल्या रात्रींच्या खुणा आहेत. कधी आठवड्याला चार, थंडी पडली की दोन. पायांच्या जखमा भरल्या, तिथे केस पांढरे आले. काल चाचांनी शेपटीतून एक कुरळा काप काढला, उजेडात धरून वास घेतला आणि म्हणाले, "परदेशी लाकूड आहे ना हे, ताई? बघा. माझी खाट अजून नेरळच्या भंगारातली."