पोरांचा अभ्यास, आपली गोष्ट



पोराने किंवा पोरीने पत्रकारितेचा अभ्यासक्रम घेतला, की घरात धसका बसतो. "फोटो काढून पोट भरते का?" मजुरीच्या पैशातून फी भरणाऱ्याचा हा प्रश्न रास्तच आहे. पण एक उदाहरण पाहा. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकत होते. तेथील अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो पदार्पणातील उत्कृष्ट लघुपट ठरला. पुढे 'फँड्री' (२०१३) व 'सैराट' (२०१६) आले.

कथा लिहिणे, चित्रण, आवाज, संकलन ही कामे करूनच हात बसतो. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रकल्प दुसऱ्याचा उतरवून काढू नये. आपली बाजू मांडणारे पत्र हवे, म्हणून बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. आजही आपली गोष्ट आपणच सांगायची आहे.

तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी करा. विहारातला वर्षावास, आजीचे कष्ट हे विषय मुलांना सुचवा. आणि पोरगी मोबाईल घेऊन समोर बसली, तर आजीने लाजू नये, बोलावे!