आलेखामागचे आकडे जपा

कुळगावच्या पावसाचा संगणकावर काढलेला आलेख कितीही सुबक असला, तरी चित्रावरून मूळ आकडे नेमके परत मिळत नाहीत. म्हणून ते सीएसव्ही फाइलीतही उतरवा: एका ओळीत एक नोंद, दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम, पहिल्या ओळीत राशींची नावे व एकके. अशी साधी फाइल कोणतीही आज्ञावली वाचू शकते.

सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळाची मोजमापे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने नोंदवून ठेवली होती. चुंबकक्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटला होता, हे २००३ साली शास्त्रज्ञांनी त्यांवरूनच दाखवले. आलेख आजच्या वाचकासाठी असतो, आकडे उद्याच्या अभ्यासकासाठी. शिक्षकांनी प्रयोगवहीबरोबर ही फाइलही अवश्य मागावी.