मोठे घर, मोठे ऊन आणि ‘इन्व्हर्टर’चा हिशेब

पाचोरा : खानदेशात ‘इन्व्हर्टर’ या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र होरपळला आणि बॅटरीवर पंखे-दिवे चालविणारा इन्व्हर्टर घरोघरी आला. त्यामुळे आज दुकानात ‘इन्व्हर्टर एसी’ असे नाव दिसले, की वीज गेल्यावरही तो चालेल, अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात या दोन यंत्रांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. वीज गेली, की इन्व्हर्टर एसी इतर कोणत्याही एसीप्रमाणे बंद पडतो. नावातच असा घोळ असेल, तर पन्नास हजारांच्या आसपासची खरेदी कोणत्या आधारावर होते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न आता केवळ चैनीचा राहिलेला नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे जळगाव जिल्ह्याला नवे नाही. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले, की पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्या हवेत पंखा शरीराला गारवा देण्याऐवजी उष्णताच देऊ लागतो. घरात वृद्ध, लहान मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर एक तरी खोली थंड असणे ही गरज ठरते. मात्र तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या पाच-सहा खोल्यांच्या घरात ही गरज भागविताना विजेचे बिल कापसाच्या उत्पन्नाला भारी पडू नये, हीच खरी कसोटी आहे.

यंत्र काय करते?

एसी थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीतले पाणी पंप वर खेचतो, तसाच हा उष्णतेचा पंप आहे. युरोपात हेच यंत्र उलट दिशेने चालवून हिवाळ्यात घरे उबदार ठेवली जातात आणि तेथे त्याला ‘हीट पंप’ म्हणूनच ओळखतात. एक युनिट वीज खर्चून हा पंप साधारण तीन ते पाच युनिट उष्णता वाहून नेतो.

जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच गतीने चालतो. खोली थंड झाली, की तो बंद होतो आणि तापली, की पुन्हा पूर्ण जोराने सुरू होतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरची गती गरजेनुसार कमी-जास्त होते. गती निम्म्यावर आली, की उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्या त्या कामाच्या मानाने मोठ्या ठरतात, पंपाला कमी चढ चढावा लागतो आणि दर युनिटमागे मिळणारा थंडावा वाढतो. बचतीचे रहस्य या मंद गतीत आहे.

याचाच दुसरा अर्थ असा, की जेथे यंत्राला मंद होण्याची उसंतच मिळत नाही, तेथे बचतही आटते. दुपारी तीन वाजता, ४५ अंशांच्या उन्हात, तापलेल्या गच्चीखालच्या खोलीत इन्व्हर्टर एसीही पूर्ण जोराने धावतो. त्याचा खरा फायदा रात्री, पहाटे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात दिसतो. त्यामुळे चांगल्या यंत्रावरचा पैसा आधी रात्रभर चालणाऱ्या शयनकक्षावर खर्च होणे शहाणपणाचे ठरते.

३५ अंशांचा एसी, ४५ अंशांचे गाव

ऊर्जा दक्षता ब्युरोची स्टार योजना २००६ मध्ये सुरू झाली. २०१८ पासून एकाच गतीच्या व इन्व्हर्टर एसींना एकाच मापाने मोजले जाते. ‘आयएसईईआर’ नावाचा आकडा हे ते माप. वर्षभरात यंत्राने किती उष्णता काढली आणि त्यासाठी किती वीज घेतली, याचे हे गुणोत्तर आहे. हा आकडा जितका मोठा, तितके यंत्र काटकसरी.

या आकड्यामागची गृहीतके मात्र खानदेशच्या ग्राहकाने समजून घ्यायला हवीत. यंत्राची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश असताना मोजलेली असते. वार्षिक हिशेब १६०० तासांचा, म्हणजे रोज आठ तास याप्रमाणे दोनशे दिवसांचा धरलेला असतो आणि त्यातील बाहेरच्या तापमानाची यादी २४ अंशांपासून सुरू होऊन ४३ अंशांवर संपते. पाचोऱ्यात जेव्हा एसीची निकड सर्वाधिक असते, ते दिवस नेमके या यादीच्या पलीकडचे आहेत.

बाहेरची हवा तापेल, तशी यंत्राची क्षमता घटते. दीड टनाचा एसी ४६ अंशांना दीड टनाचे काम करीलच, असे नाही. ‘५२ अंशांतही चालतो’ ही जाहिरात खोटी नसेल. पण चालणे आणि पुरेसा थंडावा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात अनेकदा ४६ किंवा ४८ अंशांना मिळणाऱ्या क्षमतेचा आकडा दिलेला असतो. विक्रेत्याकडून तो मागून घ्यावा. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट, एवढे ध्यानात ठेवले तरी दोन यंत्रांची तुलना करता येते.

स्टारच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. निकष ठरावीक काळाने कडक केले जातात. जुलै २०२२ मध्ये ते असेच वर सरकले होते. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या यंत्रावरील पाच स्टार आणि नव्या यंत्रावरील पाच स्टार सारखे नसतात. म्हणून स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचे वर्ष आणि आयएसईईआरचा आकडा वाचावा.

सर्व खोल्यांना एकच माप नको

मोठ्या घरासाठी खरेदी करताना दोन टोकाच्या चुका संभवतात. एक, सगळीकडे स्वस्तातले यंत्र बसविणे. दुसरी, सगळीकडे पाच स्टार लावणे. या दोहोंतला मार्ग साध्या हिशेबातून निघतो.

उदाहरणादाखल असे धरू, की दीड टनाचा तीन स्टार एसी १६०० तासांत १००० युनिट वीज घेतो आणि पाच स्टार एसी ७६० युनिट. किमतीतील फरक ९ हजार रुपये आणि विजेचा दर युनिटमागे १२ रुपये मानू. रोज रात्री चालणाऱ्या खोलीत वर्षाला २४० युनिट, म्हणजे २,८८० रुपये वाचतात आणि वरचे पैसे तीन वर्षांच्या थोडे पुढे वसूल होतात. हाच एसी वर्षाकाठी १६० तास वापरल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत लावला, तर बचत २८८ रुपयांची होते आणि वसुलीला एकतीस वर्षे लागतात. तितके आयुष्य यंत्रालाही नसते. पाहुण्यांच्या खोलीत तीन स्टार, रोजच्या शयनकक्षात पाच स्टार, हा निष्कर्ष त्यातून सरळ निघतो.

बिलाचा दरही येथे महत्त्वाचा आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, पुढे ५०० पर्यंत आणि त्यावर. एसीची युनिट ही नेहमीच्या वापरावर चढलेली असतात. त्यामुळे ती सर्वांत वरच्या टप्प्यात मोजली जातात. साहजिकच वाचलेले प्रत्येक युनिटही बिलातील सर्वांत महाग युनिट असते. बचतीचा हिशेब सरासरी दराने न करता या वरच्या दराने करावा.

आकाराबाबत ‘मोठा घेतला की बरे’ हा समज इन्व्हर्टरच्या बाबतीत घातक ठरतो. कॉम्प्रेसर एका मर्यादेच्या खाली मंद होऊ शकत नाही. लहान खोलीत दोन टनाचे यंत्र लावले, तर रात्री ते चालू-बंद होत राहते, मंद गतीचा लाभ बुडतो आणि पावसाळ्यात हवेतील ओल नीट निघत नाही. बारा बाय बाराच्या तळमजल्यावरील सावलीतल्या खोलीला एक टन सहसा पुरतो. तेवढ्याच आकाराच्या, गच्चीखालील पश्चिमेच्या खोलीला दीड टन लागू शकतो.

एकाच बाहेरच्या यंत्रावर अनेक खोल्या चालविणारी पद्धतही बाजारात आहे. बाहेरची जागा वाचते आणि दर्शनी भाग नीटनेटका राहतो, हे तिचे गुण. परंतु ते एक यंत्र बिघडले, तर ऐन मे महिन्यात सारे घर तापते. तालुक्याच्या ठिकाणी सुटे भाग व जाणकार कारागीर मिळण्यास वेळ लागू शकतो, हे पाहता खोलीगणिक स्वतंत्र यंत्र हाच परवडणारा व निर्धोक पर्याय ठरतो. शिवाय सर्व खोल्या एका वेळी क्वचितच वापरात असतात आणि यंत्रे दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने घेता येतात.

आधी गच्ची, मग एसी

खानदेशातील जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंती व छतामुळे दुपारचे ऊन अडवीत. त्यांची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओततो. वरच्या मजल्यावर मध्यरात्रीपर्यंत झोप न येण्याचे कारण हेच. गच्चीला पांढरा परावर्तक रंग, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली आणि दाराखालच्या फटी बंद करणे, ही कामे एसीच्या किमतीच्या मानाने अल्प खर्चाची आहेत. ती आधी केली, तर लहान यंत्रावर भागू शकते आणि त्याला मंद गतीने चालण्याची संधी मिळते.

गच्चीवर सौर पॅनेल बसविल्यास स्लॅबला सावली आणि घराला वीज असा दुहेरी लाभ होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान ठेवण्यात आले. ज्या घरात एसीचा वापर दुपारीही होतो, तेथे हा हिशेब अधिक चांगला जुळतो.

कूलरलाही मोडीत काढण्याचे कारण नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो कमी विजेत ४४ अंशांची हवा २७-२८ अंशांपर्यंत आणू शकतो. मोठ्या बैठकीच्या खोलीला, जेथे दार सतत उघडते, तो आजही एसीपेक्षा सोयीचा आहे. अडचण आहे ती पाण्याची. मोठा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज संपवितो आणि गिरणा धरणाच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या भागात मे महिन्यात हे पाणी स्वस्त नसते. जूनमध्ये हवेत दमटपणा आला, की कूलर निष्प्रभ होतो, ही दुसरी मर्यादा.

‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारचा, म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारा एसी घ्यावा का, असाही प्रश्न विचारला जातो. येथे थंडीचा कडाका थोडे आठवडेच टिकतो. काही पहाटे पारा दहा अंशांखाली जातो. सगळ्या घरासाठी त्यावर जादा खर्च करण्यात अर्थ नाही. वृद्धांच्या खोलीपुरता मात्र तो विचारात घ्यावा; कारण तेवढीच ऊब देण्यासाठी तारेच्या हीटरला कित्येक पट वीज लागते.

खरेदीपूर्वी

सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच राहिली असे धरल्यास ग्राहकाची किंमत सुमारे आठ टक्क्यांनी उतरते. वाचलेली ही रक्कम केवळ वरच्या मॉडेलमध्ये न घालता स्वतंत्र वायरिंग, चांगले अर्थिंग आणि गरज असल्यास महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेण्यासाठी वापरणे हिताचे आहे. विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या भागात यंत्र किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालते, हे लेखी पाहावे. इन्व्हर्टर एसीतील सर्वांत नाजूक व महाग भाग म्हणजे त्याची इलेक्ट्रॉनिक पाटी. तिच्यावर किती वर्षांची हमी आहे, हे कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या हमीइतकेच महत्त्वाचे. जुना, आर-२२ वायूवरचा एसी स्वस्तात मिळाला, तरी तो टाळावा. हा वायू २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने हद्दपार होत असून पुढे दुरुस्ती दुर्मीळ व महाग होत जाईल.

बाहेरचे यंत्र बंद गच्चीखोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात ठेवू नये. त्याला मोकळी हवा हवी. आतील तापमानाचा काटा १८ वर नेल्याने खोली लवकर थंड होत नाही, यंत्र फक्त अधिक काळ पळते. एक अंश वाढविला, की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ अंश आणि मंद पंखा ही जोडी बहुतेकांना पुरेशी ठरते.

खर्चाचा क्रम त्यामुळे असा लागतो : प्रथम गच्ची व सावली, नंतर वृद्धांची किंवा मुलांची रोजची खोली, मग दुसरा शयनकक्ष आणि सर्वांत शेवटी पाहुण्यांची खोली. सगळ्या घराला एकदम थंड करण्याचा अट्टहास सोडला, तर चांगले यंत्र मध्यमवर्गीय कुटुंबाच्याही आवाक्यात येते. ४५ अंशांच्या दिवसानंतरच्या रात्री सर्व खोल्या गार असण्यापेक्षा, ज्यांना उन्हाचा धोका सर्वाधिक आहे त्यांना निवांत झोप लागणे अधिक मोलाचे आहे. खरेदीची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.